कात्री, सुईदोरा आणि एक्केचाळीस सेकंद

लग्नाच्या हॉलमध्ये कुणी 'ही एडिटर आहे' अशी माझी ओळख करून दिली की पुढचा प्रश्न ठरलेला. 'अरे वा, कुठल्या पेपरला?' पेपरला नाही हो, फिल्म एडिटर, असं सांगितलं की दुसरा प्रश्न, 'म्हणजे नको असलेलं कापून टाकायचं. तेच ना?' पानातली जिलेबी गार होत असते. मी 'हो, तेच' म्हणते आणि मोकळी होते.

पण तुमच्याकडे वाचायला दहा मिनिटं आहेत (हार्बरनं जात असाल तर जास्तच), म्हणून तुम्हाला खरं सांगते. तेच नाही.

गंमत बघा. आमच्या एडिट सूटमध्ये दिवसभर एकच शब्द चालतो, 'कट'. इथे कट मार, हा कट लेट आलाय, फर्स्ट कट कधी देतेस? मराठी सिनेमाच्या टायटल्समध्ये मात्र याच कामापुढे लिहिलेलं असतं, 'संकलन'. म्हणजे गोळा करणं, जुळवणं. इंग्रजी शब्द कात्रीकडे बोट दाखवतो आणि मराठी शब्द सुईदोऱ्याकडे. ज्या कुणी हा शब्द पहिल्यांदा वापरला त्याला हे काम बरोबर कळलं होतं, असं आपलं माझं मत.

आता फिल्म एडिटर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर रेड कार्पेट वगैरे आलं असेल, तर तो शॉट आधी काढून टाका. मी लोअर परळला कॉर्पोरेट फिल्म्स एडिट करते. कंपनीचा रौप्यमहोत्सव, नव्या प्लँटचं उद्घाटन, आणि साहेबांचा कर्मचाऱ्यांना संदेश. चार मिनिटांच्या संदेशात साहेब साठ वेळा 'अं' करतात. ते साठ 'अं' काढण्याचा मला पगार मिळतो. माणूस आहे त्यापेक्षा जरा जास्त हुशार दिसला पाहिजे, हा आमचा पोटापाण्याचा धंदा!

यातली युक्ती सोपी आहे. वाक्याच्या मधला तुकडा काढला की चित्रात माणसाची मान टुणकन उडी मारते. म्हणून तेवढ्या जागी दुसरंच काहीतरी दाखवायचं, फिरणारं मशीन, हेल्मेट घातलेला कामगार, कुंडीतलं झाड. खाली आवाज चालूच. तुमच्या कंपनीच्या टाउनहॉलमध्ये साहेब बोलता बोलता अचानक पवनचक्की दिसली, तर समजा, इथे काहीतरी कापलंय.

मी वाढले वडाळ्यात. बाबांच्या सरकारी क्वार्टरमध्ये. वडाळ्याचा आणि सिनेमाचा संबंध विचारलात तर कुणीही एकच नाव घेईल, आयमॅक्स. २००१ साली भक्ती पार्कजवळ तो मोठा घुमट उभा राहिला तेव्हा मी आठ वर्षांची होते. शाळेची ट्रिप गेली होती. खुर्चीत मागे रेलून वर बघायचं, डोक्यावरून थेट पाठीमागपर्यंत पडदा! कॅमेरा डोंगरावरून खाली झेपावला तेव्हा अर्ध्या वर्गानं डोळे मिटले. माझ्या बाजूच्या मुलीनं डबा खाल्ला होता तो... जाऊ द्या.

त्या फिल्ममध्ये शॉट खूप वेळ चालायचे, हे मात्र मला तेव्हाच जाणवलं होतं. कंटाळवाणं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. त्यामागचं कारण पुढे काम शिकताना कळलं. एवढ्या मोठ्या पडद्यावर डोळ्यांना फिरायलाच वेळ लागतो. तुम्ही डाव्या कोपऱ्यातला पक्षी शोधताय तोवर शॉट बदलला तर डोकं गरगरतं. मोबाइलच्या वीतभर पडद्यावर उलटं. तिथे सगळं एका नजरेत मावतं, म्हणून सेकंदाला सेकंद शॉट बदलला तरी चालतो. मग आपण म्हणतो हल्ली लोकांना पेशन्स राहिला नाही. पेशन्सचं मला माहीत नाही, पण पडदा लहान झालाय हे नक्की.

वडाळ्याहून फाइव्ह गार्डन्स आणि पारशी कॉलनी ओलांडून दादर पूर्वेला गेलात तर जो दादासाहेब फाळके मार्ग लागतो, त्याला एकेकाळी दादर मेन रोड म्हणत. तिथल्या 'मथुरा भवन' बंगल्यात फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' केला. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो लागला, हे आपण शाळेत पाठ केलंय. त्याआधीची गोष्ट मला जास्त आवडते. फाळके १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले, पण पैसे कोण देणार? तेव्हा त्यांनी वाटाण्याचं रोप कुंडीत लावलं आणि दिवसेंदिवस त्याची थोडी थोडी फिल्म घेतली. पडद्यावर महिन्याभराची वाढ बघता बघता झाली. भांडवल देणारे गार!

म्हणजे बघा, आपल्याकडे गोष्ट सांगणारा पहिला सिनेमा तयार होण्याआधी, काळ कापून दाखवण्याचा प्रयोग झाला होता. एका कुंडीत.

आणि सरस्वतीबाई. तेव्हा कच्ची फिल्म कडेच्या भोकांशिवाय यायची. ती भोकं अंधारात, मशीनवर पाडावी लागत. ते काम सरस्वतीबाई फाळके करत. फिल्म धुण्याची रसायनं त्या कालवत, आणि वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक. फिल्मचे तुकडे जोडायलाही त्या शिकल्या. त्यांना भारतातली पहिली संकलक म्हणणारे बरेच आहेत. 'राजा हरिश्चंद्र' होता ३,७०० फुटांचा. यातला किती भाग त्यांच्या हाताखालून गेला असेल, विचार करा. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आला तेव्हा त्यांचं हे काम आमच्या पिढीला पहिल्यांदा दिसलं. आमच्या धंद्यात एडिटरचं नाव तसंही उशिराच कळतं. सिनेमा आवडला तर हिरो चांगला, नाही आवडला तर 'थोडा ट्रिम करायला हवा होता'!

वामन भोसले हे नाव तुम्ही ऐकलंय? नसेल. पण त्यांचं काम तुम्ही शंभर वेळा पाहिलंय. 'दो रास्ते', 'आँधी', 'कर्ज', 'हीरो', 'अग्निपथ', 'सौदागर', 'गुलाम'. गोव्यातल्या पोंबुर्प्याचा हा माणूस १९५२ मध्ये मुंबईत आला, बॉम्बे टॉकीजमध्ये डी. एन. पै यांच्या हाताखाली शिकला, मग फिल्मिस्तानमध्ये वर्षानुवर्षं असिस्टंट म्हणून राबला. पुढे गुरुदत्त शिराळींबरोबर त्यांची जोडी जमली. टायटल्समध्ये 'वामन-गुरू' दिसलं की ते हे. दोनशेहून जास्त सिनेमे. 'इन्कार'साठी राष्ट्रीय पुरस्कार. एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या त्या वाईट दिवसांत ते गेले आणि बातमी चार ओळींत संपली.

त्यांच्या काळी हे काम शब्दशः हातानं व्हायचं. हिशोब सांगते. पस्तीस एमएमच्या एका फुटात सोळा चौकटी. सेकंदाला चोवीस. म्हणजे मिनिटाला नव्वद फूट. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे साडेतेरा हजार फूट, आणि हा झाला फक्त उरलेला. शूट केलेलं त्याच्या कितीतरी पट. हा सगळा माल टोपल्यांवर लटकलेला, असिस्टंटच्या हातात पांढरे मोजे, एडिटरच्या हातात मेणाची पेन्सिल. मशीनवर बघायचं, खूण करायची, कापायचं, चिकटवायचं, परत बघायचं. नाही जमलं तर तो सहा इंचांचा तुकडा टोपलीतून शोधून परत जोडायचा. सापडला तर!

आम्ही काय करतो? कंट्रोल झेड.

मी जुन्या काळाच्या नावानं गळे काढणाऱ्यांतली नाही. त्या टोपल्यांत मला एक दिवसही काम करता आलं नसतं. पण एक फरक पडतो हे खरं. कापायला कष्ट पडत, म्हणून माणूस कापण्याआधी विचार करायचा. आता कापायला काहीच लागत नाही, म्हणून विचार कापल्यानंतर करायचा असतो, आणि नंतर दुसऱ्या क्लायंटचा फोन आलेला असतो.

वॉल्टर मर्च नावाचा अमेरिकन एडिटर आहे. 'अपोकॅलिप्स नाऊ' हा १९७९ चा युद्धपट त्यानं आणि इतर काही जणांनी मिळून एडिट केला. साडेबारा लाख फूट फिल्म, म्हणजे जवळपास दोनशे तीस तास. त्यातून अडीच तासांच्या आतला सिनेमा. मर्चनं नंतर हिशोब केला की शेवटच्या सिनेमात जेवढे कट आहेत त्यांना एडिटर आणि दिवसांनी भागलं, तर प्रत्येकानं दिवसाला सरासरी १.४७ कट मारले! हा आकडा मी आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरला सांगितला. तो हसला नाही.

याच मर्चनं एक यादी केलीय, चांगला कट कशाला म्हणावं याची. सहा कसोट्या, आणि चक्क प्रत्येकीला टक्के. भावना ५१, गोष्ट २३, लय १०, प्रेक्षकाची नजर कुठे आहे त्याला ७, बाकी दोन बाबींना ५ आणि ४. (अप्रेजलच्या फॉर्मची आठवण आली ना?) टक्के गमतीचे आहेत, क्रम मात्र गंभीर आहे. चहाचा कप आधीच्या शॉटमध्ये उजव्या हातात आणि नंतरच्यात डाव्या, अशा चुका नेटवर लोक हौसेनं शोधतात. मर्चच्या यादीत त्याचा नंबर शेवटून लागतो. रडू खरं आलं असेल तर कप कुठल्या हातात आहे हे कोण बघतंय?

त्याचा डोळ्यांच्या पापणीचा मुद्दाही भारी आहे. 'द कॉन्व्हर्सेशन' एडिट करताना त्याच्या लक्षात आलं, की आपण जिथे कट मारायचं ठरवतो त्याच्या अगदी जवळपास नट पापणी मिटतो. एक विचार संपला की माणूस पापणी मिटतो, आणि कटही तिथेच बसतो. खात्री करायची असेल तर उद्या मीटिंगमध्ये बॉसकडे बघा. मनातलं एक वाक्य संपलं की पापणी.

आवाजाची गोष्ट तर रोज आपल्या कानावर असते. हार्बर लोकलमध्ये तुम्ही दोन सीटच्या मधे चेंगरून उभे आहात, बाहेरचं काही दिसत नाही, आणि वरून आवाज येतो, 'पुढील स्टेशन वडाळा रोड'. स्टेशन अजून यायचंय, पण तुमचं मन पोचलंसुद्धा. उतरणारे सरकायला लागले. सिनेमात याला जे-कट म्हणतात. पुढच्या सीनचा आवाज आधी, चित्र मागून. उलटं केलं तर एल-कट, माणूस पडद्यावरून गेला तरी त्याचा आवाज रेंगाळतो. चांगल्या सिनेमात हे दर दोन मिनिटांनी होत असतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. पत्ता लागला तर तो एडिटर कच्चा. 'परिंदा' परत बघा आणि फक्त कान उघडे ठेवून बघा. रेणू सलुजांनी एडिट केलेला. चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेली बाई, २००० साली फार लवकर गेली.

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगत होते तिकडे येते.

शंभरेक वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्हनं एक प्रयोग केला. मोझुखिन नावाच्या नटाचा एकच शॉट. चेहऱ्यावर विशेष काही नाही. त्याच्यापुढे एकदा सुपाची वाटी जोडली, एकदा शवपेटी, एकदा एक सुंदर बाई. सांगतात, की लोक म्हणाले काय नट आहे! भूक किती छान दाखवली, दुःख किती संयमानं, आणि ती वासना! चेहरा तोच. भाव प्रेक्षकांनी घरून आणले होते.

हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. सगळे हसतात. मीपण हसले होते. या प्रयोगाची मला भीती वाटली ती २०२३ च्या जुलैत.

त्या महिन्यात बाबा अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाले. फिटर म्हणून छत्तीस वर्षं नोकरी. क्वार्टर सोडायचं होतं, डोंबिवलीचा फ्लॅट तयार होता. नातेवाइकांनी ठरवलं की हॉल घेऊन जेवण करायचं, आणि घरात एडिटर आहे म्हटल्यावर फिल्म पाहिजेच. 'दहा मिनिटांची, हलकीफुलकी,' असं आत्याचं ब्रीफ. क्लायंटपेक्षा स्पष्ट. मी महिनाभर जमेल तेव्हा फोनवर शूट करत राहिले. भिंतीवरच्या माझ्या उंचीच्या खुणा, मोरीतली तांब्याची कळशी, शेजारच्या काकूंनी दारातून दिलेली अळूवडी. सहा तासांचं फुटेज झालं.

त्यात एक क्लिप आहे. बाबांनी हॉलचा पंखा काढलाय, कारण तो आमच्या पैशानं घेतलेला आणि बाबा तो सोडून जाणाऱ्यांतले नाहीत. खाली वर्तमानपत्र पसरून स्क्रू ड्रायव्हरनं तो उघडतायत. मी कॅमेऱ्यामागून विचारते, 'बाबा, तुम्ही फिटरच का झालात?' बाबा आधी पंख्याबद्दल बोलतात, ९२ साली दादरहून आणला, कॉइल अजून ओरिजिनल आहे. मग मान वर न करता म्हणतात:

'आयटीआयला बयासीला घातलं अण्णानं. संप चालू होता. फी, ड्रॉइंगचं सामान, बूट, सगळं त्यानं आणलं. कुठून आणलं मी विचारलं नाही. वहिनीच्या हातात पाटल्या नव्हत्या नंतर.'

मग बाबा गप्प. स्क्रू ड्रायव्हर हातात तसाच. एक्केचाळीस सेकंद. त्यानंतर ते पापणी मिटतात आणि पुढचा स्क्रू काढायला घेतात.

अण्णा म्हणजे माझे मोठे काका. परळच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा त्यांचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, माझा चुलतभाऊ दोन वर्षांचा. संप कधी मिटलाच नाही, हे आपल्याला माहीत आहे. अडीच लाख माणसं. ८३ ला काका बायको-मुलाला घेऊन कणकवलीजवळ गावी गेले ते परत आले नाहीत, ९६ ला वारले. आमच्या घरात हे सगळं 'अण्णा गावी गेला' या तीन शब्दांत बोललं जायचं. पाटल्यांचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. (आमची एडिट सूट ज्या आवारात आहे तिथे पूर्वी गिरणीच होती. काकांची नव्हे, दुसरी. तिच्या चिमणीखाली आता कॉफी मिळते.)

रफ कट मी आईला दाखवला. उंचीच्या खुणांना ती हसली, अळूवडीला म्हणाली, 'किती काळी दिसतेय.' पंख्याची क्लिप आली आणि ती म्हणाली, 'हे नको.'

'का?'

'वहिनी पहिल्या रांगेत बसलेल्या असतील. दादा असेल. चारशे माणसांत त्यांच्या पाटल्या काढतेस?'

याला मर्चच्या यादीत टक्के नाहीत.

आईचं म्हणणं पटण्यासारखं होतं. मग माझ्यातल्या कारागिरानं डोकं वर काढलं. ते वाक्य काढू, म्हटलं, पण ती शांतता ठेवू. तो चेहरा सहा तासांतला सगळ्यात चांगला शॉट होता. लाइट खिडकीतून, तिरपा, विकत घेऊन मिळणार नाही असा. मी लॅपटॉपवर करून बघितलं. 'कॉइल अजून ओरिजिनल आहे' यानंतर सरळ एक्केचाळीस सेकंदांची शांतता. आणि काय सांगू, सुंदर! रिटायर होणारा माणूस, हातात जुना पंखा, घर सोडायचं दुःख. बघणारा रडलाच पाहिजे. त्यानंतर रिकाम्या खोलीचा शॉट लावला तर अजूनच. आईचा हात लावला तर संसार. वर्कशॉपचं गेट लावलं तर नोकरी. चेहरा तोच. कुलेशोव्हची सुपाची वाटी!

बाबा त्या एक्केचाळीस सेकंदांत पंख्याचा विचार करत नव्हते. घराचाही नाही. हे फक्त मला, आईला आणि बाबांना माहीत होतं. हॉलमधल्या चारशे जणांनी त्या चेहऱ्यात वडाळ्याचं क्वार्टर बघितलं असतं, टाळ्या वाजवल्या असत्या आणि जेवायला गेले असते. अण्णांचं मौन मी पंख्याच्या नावावर चढवलं असतं.

ऑफिसात मी हे रोज करते आणि मला त्याचं काही वाटत नाही. साहेबांच्या भाषणानंतर टाळ्या वाजवणारे लोक कितीदा दुसऱ्याच कार्यक्रमातले असतात. तो धंदा आहे, सगळ्यांना ठाऊक असलेला. इथे गोष्ट वेगळी होती. काही शॉट एकमेकांना चिकटून जन्माला येतात. वाक्य ठेवायचं तर शांतता ठेवायची. वाक्य जाणार असेल तर शांतताही जाईल. मी दोन्ही काढलं. हातात असलेला सगळ्यात चांगला शॉट काढताना काय होतं ते एडिटरलाच कळेल. टोपलीच्या काळात निदान तो समोर लटकत तरी राहायचा.

हॉलमधली फिल्म नऊ मिनिटांची झाली. आत्याच्या ब्रीफबरहुकूम हलकीफुलकी, एक गाणं, मोरीतल्या कळशीवर हशा. बाबा लाजून पाणी प्यायला उठले. मोठ्या काकू पहिल्याच रांगेत होत्या. सगळ्यांनी विचारलं, किती दिवस लागले? चार, म्हटलं. 'नको असलेलं कापायला चार दिवस?' अशी थट्टा झाली. जिलेबी होतीच.

बाबांना मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं की पंख्याची क्लिप फिल्ममध्ये नव्हती, पण माझ्याकडे आहे, पूर्ण, एकही कट न मारता. त्यांनी विचारलं, 'काय बोललो मी?' मी सांगितलं. ते बराच वेळ पेपर वाचत होते. मग म्हणाले, 'वहिनी मंगळवारपर्यंत आहेत. त्यांना दाखव.'

'तुम्ही बसाल?'

'बसेन की.'

सोमवारी दुपारी जेवणं झाल्यावर, अर्ध्या बांधलेल्या खोक्यांच्या मधे, मी लॅपटॉप एका खोक्यावर ठेवला. काकू पाटावर, दादा भिंतीला टेकून, बाबा खिडकीत. क्लिप चालू झाली. कॉइल, दादर, ९२ साल. मग ते वाक्य. मग ती शांतता. एवढ्याशा खोलीत एक्केचाळीस सेकंद फार मोठे असतात. खालून कुल्फीवाला गेला. दादानं एकदा आईकडे बघितलं, त्याला यातलं काही माहीत नव्हतं हे दिसत होतं. काकू स्क्रीनकडेच बघत होत्या. क्लिपमधले बाबा पापणी मिटून स्क्रूकडे वळले.

'भावोजी,' काकू म्हणाल्या, 'पाटल्या नव्हत्या हो त्या.'

बाबा खिडकीतून वळले.

'पाटल्या तिसऱ्या महिन्यातच गेल्या होत्या, वाण्याच्या उधारीत. तुमच्या आयटीआयला बोरमाळ. आणि ती काही ह्यांनी मागितली नव्हती. मीच काढून दिली. हे काढायला येत नव्हते, फासा अडकला होता, तर तुमच्याच पेटीतली पकड घेतली.'

'माझी पेटी तेव्हा कुठे होती?' बाबा म्हणाले.

'शेजारच्यांची असेल मग. पकड होती एवढं नक्की.'

दादानं विचारलं, बोरमाळ म्हणजे कशी असते. काकू हातानं दाखवायला लागल्या, मणी एवढे, पदर एक, पोकळ सोनं, आत लाख. बाबा म्हणाले की नाही, मला चांगलं आठवतंय, पाटल्याच. त्यावर वाद सुरू झाला, आई चहा टाकायला उठली आणि तिथूनच म्हणाली की वहिनींचंच बरोबर असेल.

मी फोन चार्जिंगला लावला होता. तो तिथेच राहू दिला.